अकरा झाडांचे बारा वेढे

माझा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवालीने वरून एक टोमॅटो टाकला, तरी तो मी आधी उलटा करून बघते. आई म्हणते, देवाने हातावर प्रसाद ठेवला तरी ही वास घेऊन खाईल. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत या स्वभावाचं कौतुकच व्हायचं, पोरगी हुशार आहे, हिला कोणी शेंडी लावू शकत नाही म्हणून. मलाही ते कौतुक आवडायचं. पण सातपुड्याच्या पायथ्याशी याच स्वभावापायी मी एका म्हाताऱ्या माणसाची आयुष्यभराची राखण घालवली.

एम.एस्सी.ला असताना उन्हाळ्यात इंटर्नशिप करावी लागायची. जळगावच्या एका संस्थेने मला चोपड्याच्या उत्तरेला, पावरा आदिवासींच्या एका गावात पाठवलं. तिथल्या ग्रामसभेला आपलं जंगल सांभाळायचा हक्क मिळालेला होता. जंगलात काय काय आहे त्याची नोंदवही मी गावाला करून द्यायची, आणि प्रत्येक झाडाची जागा मोबाइलमध्ये टिपायची, असं काम. निघण्याआधी ऑफिसात दोन दिवस प्रशिक्षण झालं. आमचे सर म्हणाले होते, जंगलात झाडांवर खूण दिसली की समजायचं, ती झाडं आता जाणार. हे वाक्य मी वहीत लिहून खाली रेघ मारली होती.

गावात मी अक्कांच्या घरी राहायचे. अक्का वनहक्क समितीच्या अध्यक्षा. साठीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि वाढताना हात सैल सोडणाऱ्या. जंगल दाखवायला मात्र आबा. आबा नाल्याकडच्या जंगलाचे राखणदार होते, त्यांच्या आधी त्यांचे वडील होते. राखणदाराला पगार नाही, पाटी नाही. कमरेला एक छोटा विळा, तेवढीच त्याची निशाणी. त्याच्या हद्दीतलं राखलेलं झाड तुटलं तर जाब त्याने द्यायचा आणि विळा खाली ठेवायचा, एवढं अक्कांनी पहिल्याच दिवशी भाकरी थापता थापता सांगितलं होतं.

आबांवर माझा संशय दुसऱ्याच दिवशी बसला. नाला गावाच्या सरळ वर होता, पण आबा मला रोज उजवीकडून, टेकडीला वळसा घालून न्यायचे. नाल्याकडे बोट दाखवलं की मान हलवायचे. आपसात त्यांची पावरी बोली, पण माझ्याशी सगळे बाजारातली अहिराणी बोलत. आबा म्हणायचे, "तठे काही नई शे." रोज तेच. ज्या जागेत काहीच नाही, तिथे जाऊ न देण्यासाठी माणूस एवढं ऊन कशाला खाईल? माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

गावाचाही माझ्यावर काही विश्वास नव्हता म्हणा. मी मोबाइल झाडापुढे धरला की बाया काम थांबवून बघायच्या. हे कुठे जातं, कोण बघतं, असं दोघी-तिघींनी विचारलंही. मी ऐटीत सांगितलं की सगळं सुरक्षित असतं. खरं म्हणजे ते कुठे जातं हे मलाही धड माहीत नव्हतं.

एका दुपारी भाकरी खाऊन आबा नाल्याच्या वरच्या टेकडीवर एका झाडाखाली आडवे झाले. मी पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने उठले आणि थेट नाल्यात उतरले. तिथे चाराची झाडं होती. चार म्हणजे ते छोटं काळपट फळ, ज्याच्या बीतून चारोळी निघते. झाडं ठेंगणी, बुंध्याला जुन्या वणव्याचे काळे डाग, पण फळांनी नुसती लगडलेली. आणि त्यातल्या अकरा झाडांना सुकलेल्या गवताचा पिळून केलेला वेढा बांधलेला, गाठ एका बाजूला. मी तिथेच उभी राहून मान डोलावली. सापडलात आबा, असं अगदी मनातल्या मनात म्हणाले. अकरा झाडांवर खुणा, आणि ती दाखवायची नाहीत. पुरावा म्हणून कडेच्या झाडाचा वेढा सोडून मी पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा संधी साधून गेले, तर त्याच झाडाला नवा वेढा. गवत ताजं, अजून हिरवट. मग तर माझी खात्रीच पटली. त्याच संध्याकाळी खालून एका व्यापाऱ्याची पिकअप आली. आबा आणि तो गाडीच्या आडोशाला बराच वेळ हळू आवाजात बोलत होते, आणि मी जवळ जाताच दोघे गप्प झाले. रात्रीच्या जेवणाला अक्कांनी डाळ वाढली तेव्हा मी त्यांच्याकडेही बघत होते, की यांनाही सगळं माहीत असणार, याही सामील असणार. ज्या बाईच्या हातचं खात होते तिच्याबद्दल! माझी मलाच आता लाज वाटते.

विचारायला काय झालं होतं मला? आबा, हे गवत कशाला, एवढंच. पण संशयी माणूस विचारत नाही, पुरावे गोळा करत बसतो.

बाजाराच्या दिवशी आबा सकाळीच खाली गेले. मी नाल्यात जाऊन अकराच्या अकरा झाडांचे वेढे सोडले. म्हटलं, खुणाच नसल्या तर तोडणारे कोणती झाडं तोडणार? फार मोठं काम केल्यासारखी घामाघूम होऊन परत आले आणि पिशवी खाटेखाली सरकवली. सरांना पुरावा एकदमच दाखवू, असं ठरवलं होतं.

नेमकी दुसऱ्या दिवशी ग्रामसभेने चाराची फळं तोडायला सुरुवात ठेवलेली. वर्षभर थांबलेलं गाव पहाटेच टोपल्या घेऊन निघालं. मी दुसऱ्या बाजूच्या लोकांबरोबर फोटो काढत फिरत होते. दुपारी नाल्याकडून आरडाओरडा ऐकू आला. धावत गेले. ती अकरा झाडं ओरबाडलेली होती. उतार अवघड म्हणून तरण्या पोरांनी फांद्याच मोडून खाली ओढल्या होत्या. अकरांतली चार तर बुंध्यापासून फाटली होती. आबा मधोमध उभे होते आणि एकेका बुंध्यावर हात फिरवून गवत शोधत होते.

तेव्हा आजूबाजूच्या बायांच्या बोलण्यातून मला कळलं की तो वेढा म्हणजे काय. ज्या झाडाला वेढा, त्या झाडाला यंदा कोणी हात लावायचा नाही. त्याची फळं पाखरांना आणि बियांना. दरवर्षी झाडं बदलतात, त्यामुळे वेढ्याशिवाय दुसरी खूण नसते. आपण चप्पल दाराबाहेर काढतो हे जसं पाहुण्याला कोणी सांगत नाही, तसं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ही अकरा झाडं तर वणव्यात होरपळून पुन्हा फुटलेली. त्यानंतर त्यांना पहिल्यांदाच फळ धरलं होतं, म्हणूनच आबा ती माझ्या मोबाइलपासून लपवत होते.

संध्याकाळी अक्कांच्या अंगणात सभा बसली. बोलणं पावरीत चाललं होतं, पण सूर कळायला भाषा लागत नाही. शेजारची बाई मला अधूनमधून सांगत होती. लोक म्हणत होते, व्यापारी आला होता, आबा त्याच्याशी बोलत होते, राखणदारानेच वेढे सोडले. त्याच पिकअपवरून, त्याच हळू आवाजावरून! माझाच संशय, जसाच्या तसा, आता पंचवीस तोंडांतून येत होता. आबा म्हणाले की मी सोडले नाहीत. व्यापाऱ्याला तर ते सांगत होते की गावाने दिवस ठरवल्याशिवाय एक दाणा मिळणार नाही. पण ते ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. कोणी सोडले असतील, असं अक्कांनी दोनदा विचारलं. आबांनी दोन्ही वेळा मान खाली घातली.

गप्प बसले असते तर पाच दिवसांनी मी जळगावला, कोणाला काही कळलं नसतं. हा विचारही मी केला, खोटं कशाला बोलू. मग आबांचा हात कमरेच्या विळ्याकडे गेलेला दिसला. मी उठले, आत गेले, खाटेखालची पिशवी आणली आणि सभेच्या मधे रिकामी केली. मराठीत बोलले, रडत बोलले, काय बोलले ते धड आठवत नाही.

अक्कांनी वेढे एकेक करून मोजले. बारा निघाले. त्यांनी पुन्हा मोजले आणि आबांकडे बघितलं, कारण झाडं अकराच होती. मग आबा पहिल्यांदा माझ्याकडे वळले.

"पहिला वेढा तू सोडा, तवय मी जागाच व्हतू. मी परत बांधा. माले वाटनं, शिकेल पोरगी शे, आते इचारी, आबा, हाई काय शे? मी वाट पाही तुनी."

आवाज चढवून एखाद्याने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लोकांनी आबांची माफी मागितली, राखण तुमच्याकडेच राहू द्या म्हणाले. आबांनी ऐकलं नाही. डोळ्यांदेखत पहिली गाठ सुटली आणि मी गप्प राहिलो, तर मी कसला राखणदार, असं काहीसं ते म्हणाले, आणि विळा अक्कांच्या पुढ्यात ठेवला. तो उचलायला अक्कांनी फार वेळ लावला.

सकाळी मी सामान बांधत होते. आता कोण मला जंगलात नेणार? तर नेहमीच्या वेळेला आबा दारात उभे, कमरेला विळा नाही. नोंदवही अर्धी राहिलीय, ती पुरी करून जा, म्हणाले. आम्ही निघालो. टेकडीचा वळसा त्यांनी घेतलाच नाही, सरळ नाल्याच्या वाटेला लागले. माझी पावलं अडखळली. ते थांबले आणि म्हणाले, "चाल. आते लपाडाले काय राहिनं?"

मग त्यांनी मला त्या अकरा झाडांपुढे एकेक करून उभं केलं, कोणतं कधी जळलं आणि कधी फुटलं ते सांगितलं, आणि मी लिहून घेतलं.