मेहेरबानी नको म्हणणाऱ्या मॅडम

"मेहेरबानी कसली? तपासणं माझं कामच आहे. आत या."

डॉ. यशोधरा म्हस्के यांचे हे वाक्य मी प्रथम ऐकले, तेव्हा मी त्यांच्या जालन्यातल्या मस्तगडच्या दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. सातवा महिना चालू होता. घनसावंगीहून जीपने येताना मला रक्तस्राव सुरू झाला होता. वाटेतल्या एका खासगी दवाखान्याने "तुमचं नाव आमच्याकडे नाही, पुढे न्या" म्हणून दारातूनच परत पाठवले होते. त्यामुळे इथे पोचताच आईने हात जोडले, "मॅडम, मेहेरबानी करा, लेकीला बघा." मॅडमनी तिचे जोडलेले हात सोडवले, त्या हातांत माझी पिशवी दिली आणि मला धरून स्वतः आत नेले. मी वाचले. माझी मुलगीही वाचली. आज ती कॉलेजात जाते.

मी हिंडूफिरू लागल्यावर मॅडम मला त्या पहिल्या दवाखान्यात घेऊन गेल्या. आता डॉक्टरांची खरडपट्टी निघणार, या आनंदात मी होते. मॅडमनी आधी चहा घेतला. मग म्हणाल्या, "डॉक्टर, बाळंतपणाची सोय तुमच्याकडे नव्हती, मान्य. पण तपासायला हात होते ना? कायदा सगळं करा म्हणत नाही. अडलेल्या बाईला आधी तपासा, सावरा, मग सोबत माणूस देऊन नीट पाठवा, एवढंच म्हणतो. दारातून परत पाठवायची मुभा मात्र देत नाही."

 डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून विचारले, "बाळ कसं आहे?"

बाहेर आल्यावर मी धुसफुसत होते. मॅडम म्हणाल्या, "त्यांनी विचारलं ना? पुढच्या बाईच्या वेळी आठवेल त्यांना." माणसाला शरमिंदे न करता बदलायला लावणे मी त्यांच्याकडून शिकते आहे, अजून जमलेले नाही.

त्यानंतर शाळेतली माझी नोकरी सांभाळून मी सुट्टीच्या दिवशी बायकांना हा हक्क शिकवायला मॅडमबरोबर गावोगाव जाऊ लागले. त्यांची शिकवण्याची रीत वेगळी आहे. भाषण नाही. त्या डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात वॉचमन म्हणून उभ्या राहतात आणि बायकांनी त्यांना ओलांडून आत यायचे. धावड्याला रखमाबाई नावाच्या एक सासूबाई पुढे आल्या.

"साहेब, मेहेरबानी करा, सून अडलीय."

"मेहेरबानी म्हणालात. परत जा, पुन्हा या."

पुन्हा तेच. बसमध्ये कुणी सरकून जागा दिली तरी हा शब्द आमच्या तोंडून निघतो. तो इतक्या सहज कसा सुटावा? शेवटी रखमाबाई वैतागल्या, "ओ मॅडम, खऱ्या दवाखान्यानं बी इतक्यांदा परत पाठवलं न्हाई मला!" बायका हसून लोळल्या. मग मात्र रखमाबाई कंबरेवर हात ठेवून गरजल्या, "आधी तपासा, मंग पाठवा!" वॉचमन बाजूला झाला.

काही महिन्यांनी रखमाबाईंचा फोन आला. मी मॅडमच्या शेजारीच होते.

"सुनेला झटके आल्ते, मॅडम. गेटवाला पुढं न्या, पुढं न्या करून राह्यला. म्या म्हणलं, आधी तपासा, मंग पाठवा. बिलकुल हटले न्हाई. घेतलं ना आत! सुई दिली, नर्स बसवून जालन्याला गाडी दिली. आता बराबर हाय, मायलेक दोघंबी. अन् मेहेरबानी न्हाई म्हणले बरं का!"

फोन ठेवून मॅडम मला म्हणाल्या, "तो टॉवेल धुवायला टाका. रविवारी लागेल."

मॅडमनी पंचाहत्तरी पूर्ण केली, त्यानिमित्त त्यांचा सत्कार होणार आहे. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि गुडघ्यांनी साथ द्यावी; वॉचमनला बसून चालत नाही.

मॅडम, एक विनंती आहे. दार उघडायला तुम्हाला कायद्याने सांगितले असेल. माझ्या आईचे जोडलेले हात सोडवायला कोणत्या कायद्याने सांगितले होते? म्हणून सत्काराच्या दिवशी, सगळ्यांसमोर, मला एकदाच म्हणू द्या की तुमची मेहेरबानी झाली. मला ठाऊक आहे, तुम्ही सभागृहाच्या दाराकडे बोट दाखवून म्हणाल, "परत जा, पुन्हा या."