बाकावरची रिकामी जागा

सुके बोंबील भाजायला घेतले की मला पालघरच्या कोर्टातला बाक आठवतो. बाबा गेल्यावर त्यांची स्कूटर मी कामावर न्यायला लागले. विमा संपल्याचे मेसेज त्यांच्या बंद नंबरवर जात राहिले आणि एक दिवस बोईसरला पोलिसांनी मला अडवलं. लायसन्स गेलं तर तारापूरची नोकरीही जाईल, या धास्तीने मी कोर्टात पोचले. एका कोळीणबाईंशेजारीच जागा रिकामी होती, कारण त्यांच्या टोपलीला सुक्या बोंबलांचा वास होता. "कशाला आलीस गो?" त्यांनी विचारलं. अनोळखी माणसांशी मी सहसा बोलत नाही, तरी त्यांना सगळं सांगितलं. "मग लाजतेस काय? तुला काय ओरडून मावरं विकायचं नाय. झालं तेवढं सांगायचं हाय." आत नाव पुकारल्यावर मात्र माझ्या तोंडून शब्द फुटेना. मागून त्यांचाच आवाज आला, "बोल गो पोरी!" शिपायाने त्यांना दटावलं, पण मी बोलले. मॅजिस्ट्रेटबाईंनी ऐकून घेतलं. दंड झाला, लायसन्स राहिलं. आता विम्याचा मेसेज माझ्या फोनवर येतो. त्या दिवशी मी बोंबील भाजते. वासाने वैतागून आई घरभर खिडक्या उघडत फिरते; स्वयंपाकघरातली खिडकी मात्र मी उघडू देत नाही.