भोंग्याचं तोंड कुणीकडे

"तोंड कुनीकरं?"

माडावर चढण्याआधी तो एवढंच विचारायचा. भोंगा कळशीसारखा कमरेवर, खांद्यावर दोराचं वेटोळं, खिशात पक्कड. बोट ओलं करून वारा बघायचा, मग ज्याच्या घरी लग्न असेल त्याच्याकडे वळायचा. यजमान हाताने दाखवायचा: खाडीकडे, देवळाकडे, वरच्या आळीकडे. हा मान हलवायचा आणि सरसर वर जायचा. एकदा भोंगा बांधला की खालून कोणी कितीही ओरडो, तो बोटभरही हलायचा नाही.

मुलांनो, तुमच्यातल्या धाकट्याने मला तीन फोटो पाठवून विचारलं आहे की, "आजी, मी कार्यक्रमांत जुन्या मोनो तबकड्या लावतो. त्यासाठी जुना भोंगा घ्यायचाय. यातला कुठला घेऊ?" फोटो बघून भोंगा निवडायचा नसतो, हे मला ज्या माणसाने शिकवलं, तो मला मुळीच आवडत नसे. त्यालाही मी आवडत नव्हते. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याने माझं नाव आयुष्यात एकाच दिवशी घेतलं, ते पुढे येईलच.

ऐंशी सालानंतरची दोन-तीन वर्षं. आम्ही करावे गावाला लागून उठलेल्या नव्या वसाहतीत राहायला आलो होतो. दुसरा मजला, गॅलरीतून समोर गावाची कौलं, माड, पलीकडे मिठागरं आणि खाडी. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी शाळा सुरू केली होती. बालवाडी ते दुसरी, आणि पहिलीपासून इंग्रजी. एकतीस मुलं, त्यातली एकोणीस गावातली. तुमचे आजोबा रबाळ्याच्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी झोपायचे. म्हणजे झोपायचा प्रयत्न करायचे.

कारण गावात लग्नसराई सुरू झाली की पहाटे पाचला भोंगा सुरू. हळद दोन दिवस, लग्न एक दिवस, वर पूजा. त्या माणसाकडे तबकड्यांची एक पत्र्याची पेटी होती आणि आवाज कमी करायचं बटण बहुधा नव्हतंच. खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. तुमचे आजोबा कानात कापूस घालून उशीखाली डोकं खुपसायचे आणि मग उठून बसायचे.

मी रीतसर माणूस. मी अर्ज टाइप केला. इंग्रजीत, तीन परिच्छेद, खाली सही, सहीखाली पूर्ण नाव. अर्ज घेऊन मी लग्नाच्या मांडवात गेले. तो माणूस भोंग्याच्या मागचा, आवाज काढणारा डबा भोंग्याच्या निमुळत्या गळ्यावर बसवत होता. अर्ज उलटासुलटा करून बघितला.

"काय लिवलंस?"

हो, "लिवलंस". तो सगळ्यांना अरेतुरे करायचा, देवालासुद्धा. मला मात्र ते झोंबलं.

"आवाज कमी करावा, असं लिहिलंय."

"इंग्रजीत लिवल्यानं कमी होतो काय?"

मांडवातले सगळे हसले. मग त्याने माझ्या अर्जाची चांगली बारीक घडी घातली आणि डबा नि गळा यांच्यात फट होती तिथे दाबून बसवली. "बेस बसला. आता तुजा अर्ज खाडीपल्याड ऐकू जाईल."

मी म्हटलं, "माझा नवरा रात्रपाळी करतो."

"आमी दिवसपाळीला शेत करायचो," तो म्हणाला. "आता त्या शेतात तुजी बिल्डिंग हाय. आमच्या शेतात तुमी, तुमच्या घरात आमचा भोंगा. जाली फिट्टंफाट."

त्याचं शेत नेमकं कुठे होतं हे मला पुढे कळलं. आमच्या इमारतीची पाण्याची टाकी होती, तिथे. पण त्या दिवशी मला फक्त त्याचा उद्धटपणा दिसत होता, आणि तो भरपूर होता.

हे दीड वर्ष चाललं. रस्त्यात भेटला की तो मुद्दाम आजोबांची चौकशी करायचा: "झोप बरी लागते ना?" मी त्याच्या पहिलीतल्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावर "घरी अभ्यासाला शांतता हवी" असा शेरा तांबड्या शाईने लिहायचे. सही करून ते परत यायचं तेव्हा त्यावर नेमका माशाच्या पाण्याचा डाग असायचा.

एका मे महिन्यात मात्र माझा तोल गेला. भोंगा बरोबर आमच्या गॅलरीवर रोखलेला होता. आजोबांना दोन दिवस झोप नव्हती आणि कारखान्यात त्यांचा हात यंत्रात जाता जाता वाचला होता. मी तशीच तरातरा गावात गेले. तो माडाखाली चहा पीत होता, आजूबाजूला पाहुणे.

"आवाज कमी करत नाही ना? मग निदान भोंगा फिरवा. आमच्या घराकडे तोंड नको."

मांडव गप्प झाला. मला वाटलं, माझा दरारा.

त्याने चहाचा कप तोंडापासून खाली घेतला. "फिरवू?"

"फिरवा."

"बाई, इचार करून सांग. फिरवू?"

"किती वेळा सांगायचं? फिरवा!"

"सगल्यांनी ऐकला," तो पाहुण्यांना म्हणाला. कप खाली ठेवून माडावर चढला आणि भोंगा फिरवून खाडीकडे केला. मी जिंकून घरी आले. आजोबा त्या दिवशी घोरले. मला ते घोरणंही गोड वाटलं.

त्याची बायको आमच्या इमारतीत मासळी विकायची. दुसऱ्या दिवशी ती आमच्या जिन्याने चढलीच नाही. तिसऱ्या दिवशी दूधवाल्या म्हातारीने दूध खालीच ठेवलं आणि वर न बघता गेली. हा योगायोग म्हणून मी सोडून दिलं. जूनमध्ये शाळा उघडली. बारा मुलं आली. दुसऱ्या दिवशी बारा. आठवडाभर बाराच. गावातलं एकही नाही.

शाळेला मान्यता मिळायची होती. तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते, त्याला आठ दिवस उरले होते. बारा मुलांच्या शाळेला कोण मान्यता देणार? दोन वर्षांची माझी शाळा त्या रिकाम्या बाकांवर संपणार होती.

मी त्याच्या बायकोला गावाच्या वेशीवर गाठलं. तिने मला बघून टोपलीवर फडकं ओढलं.

"मुलं का पाठवत नाही तुम्ही लोक? माझं काय चुकलं?"

"तू सोताच तं सांगितलास, बाय."

"काय सांगितलं मी?"

तेव्हा तिने मला सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. भोंग्याचं तोंड ज्या घराकडे, त्या घराला आवतण. पत्रिका छापणारे छापोत, पण भोंगा तुमच्याकडे वळला म्हणजे तुम्ही कार्यातले. भांडण विकोपाला गेलं, कायमचं येणंजाणं तोडायचं ठरलं, तर माणूस चारचौघांत सांगतो: माझ्याकडचा भोंगा फिरवा. तिच्या आठवणीत हे गावात दोनदाच झालं होतं. दोन्ही वेळा भांडण सख्ख्या भावांचं होतं.

"दीड वरीस तो यजमानांना सांगून तुज्या घराकरं तोंड करीत व्हता," ती म्हणाली. "लोकं त्याला इचारायची, त्या बाईला कशाला? तो बोलायचा, पोरांची मास्तरीन हाय. आनि तू सगल्यांदेखत नको बोललीस."

मी तशीच त्याच्या घरी गेले. माफी मागायला गेले असं मी तुम्हाला सांगू शकेन, पण ते खरं नाही. मी भांडायलाच गेले. मुलांना यात का ओढता, हे मी त्याला तावातावाने विचारलं. तो ओटीवर बसून तबकडी फडक्याने पुसत होता. पुसून झाल्यावर म्हणाला, "संपला? मंग ऐक. नुसता भोंगा परत फिरत नाय. कार्य लागतं. ज्यानं फिरवायला लावला त्यानंच लावायचा."

"माझ्याकडे कसलं कार्य?"

"शाला हाय ना? शालेचा लाव. निवड."

भिंतीवर तीन भोंगे टांगलेले होते. एक लहान, करडा. एक नवा कोरा, चकचकीत, परातीएवढ्या तोंडाचा. तिसरा जुना, लांब गळ्याचा, काठाला चेपलेला, रंग उडालेला. मी नव्याच्या मागच्या पट्टीवरचे वॅटचे आकडे वाचले आणि बोट दाखवलं.

तो खदखदा हसला. "आकरे वाचून निवडतंय! जा. मिठागराच्या बांधावर जा नि उभी ऱ्हा."

मी बांधावरून चालत गेले. भर दुपार होती. मागे वळून बघितलं की तो हात हलवायचा: अजून लांब, अजून. शेवटी त्याचं घर आगपेटीएवढं दिसायला लागलं. आधी नव्या भोंग्यातून गाणं आलं. छान भरदार होतं. मग कोणीतरी काहीतरी ओरडलं; नुसता गडगडाट. थोड्या वेळाने जुन्या भोंग्यातून तेच गाणं आलं. चिरकं, नाकातलं, माझ्या कानाला अगदी गरीब. आणि मग त्या मिठाच्या पांढऱ्या वाफ्यांवरून माझं नाव आलं. माझं, नवऱ्याचं, आडनाव. अक्षरन् अक्षर. जणू कोणी पाठीशी उभं राहून हाक मारत होतं.

मी परत आले तेव्हा घामाने भिजले होते.

"काय ऐकलंस?"

"माझं नाव."

"आनि नव्यातून?"

"काहीतरी ओरडलात."

"तेच नाव घेतला व्हता," तो म्हणाला. "गाना समद्या भोंग्यांतून बरा लागतो. नाव लांबून कलतं का, त्यो बगायचा. बोलवायचाय तर नावच कललं पायजे."

"एकाऐवजी दोन लावले तर?"

"दोन लावलं का शबूद दोनदा येतो. मानसाला कलत नाय, कोन बोलवतंय. यक भोंगा, यक तोंड."

माझं पूर्ण नाव त्याला कुठून कळलं, हे मी विचारलं नाही. जुना भोंगा त्याने उचलला तेव्हा दिसलं. गळ्यातली माझ्या अर्जाची घडी उघडून पुन्हा घातलेली होती. ओटीवर त्याची मुलगी पाठ करून उभी होती. सहीखालचं ते इंग्रजी नाव तिनेच त्याला वाचून दाखवलं असणार. वाचायला मीच शिकवलं होतं.

तपासणीच्या दिवशी सकाळी त्याने तो भोंगा आमच्या इमारतीच्या गच्चीवर बांधायला घेतला. सोसायटीच्या मंडळींनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावले. त्याने बोट ओलं करून वारा बघितला आणि साऱ्यांसमोर मला विचारलं, "तोंड कुनीकरं?"

मी गावाकडे हात केला.

त्याने माइक माझ्या हातात कोंबला. "वाच."

मी हजेरीपट काढला आणि एकोणीस नावं वाचली. पाचव्या नावाला माझा आवाज चिरकला. तो मागून पुटपुटला, "मोठ्यानं. पोरं झोपलेली नाय, रुसलेली हायत." अर्ध्या तासात माडांमधून तेल लावलेली डोकी दिसू लागली. सतरा आली. एक मामाकडे गेला होता. भोंगेवाल्याची स्वतःची मुलगी साहेब जिना चढत असताना सर्वांत शेवटी पोचली. मुद्दाम थांबवली असणार. मला घाम फोडायची संधी तो सोडणारा नव्हता.

शाळेला मान्यता मिळाली. म्हणून आमची मैत्री झाली असं समजू नका. मी त्याला चहा विचारला, तो म्हणाला, "तुजा चहा पानचट असतो, ऐकलाय मी." आजोबांनी हौसेने दोन पेट्यांचा स्टिरिओ आणला तेव्हा त्याने दारातूनच बघून सांगितलं, "दोन तोंडांचा मानूस नि दोन तोंडांचा मशीन, मना चालत नाय." आणि पुढची सहा वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नाला, यजमान कोणीही असो, पहाटे पाचला तो चेपका भोंगा आमच्या गॅलरीवर रोखलेला असायचा. पूर्ण आवाजात. तो मान होता की सूड, हे मी ठरवू शकले नाही. त्यालाही ठरवायचं नसावं. आजोबांनी पाळी बदलून घेतली. भोंगा फिरवा, असं मी पुन्हा कधी म्हटलं नाही.

तो गेला तेव्हा मी गावात गेले, ओटीवर बसले आणि त्याच्याबद्दल एकही चांगला शब्द मला सुचला नाही. त्याची बायको म्हणाली, "नको बोलू बाय. तोही तुज्याबद्दल कदी बोलला नाय." आम्ही दोघी हसलो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याच्या शेजारच्या घरी लग्न निघालं. पहाटे पाचला मी सवयीने जागी झाले. सातला आवाज सुरू झाला. नव्या मोठ्या पेट्या, चार कोपऱ्यांना चार. जमीन हादरत होती. मी गॅलरीत येऊन उभी राहिले. आवाज सगळीकडून येत होता आणि कुठेच बघत नव्हता. आम्हाला बोलावलंय की नाही, मला काही कळेना.

मग माझी नजर माडावर गेली. त्याने शेवटच्या लग्नात बांधलेला जुना भोंगा अजून वरच होता. उतरवायची तसदी कोणी घेतली नव्हती. कापलेली तार लोंबत होती. तोंड आमच्याकडे.

मी आत जाऊन साडी बदलली आणि लग्नाला गेले.