चार टिंबं, चार बाण

"टिंबं जोडते गं दिवसभर. बालवाडीतल्या पोरांसारखी! कंटाळली की आपोआप सोडेल."

सासूबाई फोनवर आत्यांना सांगत होत्या. मी गॅलरीत कपडे वाळत घालतेय, हे त्यांना माहीत नव्हतं. टिंबं म्हणजे माझा पीएचडीचा विषय, ग्राफ थिअरी. कोण कुणाशी जोडलंय, कुठून कुठे कमी फेऱ्यांत पोचता येतं, त्याचं गणित. अ‍ॅडमिशन मिळाली होती, महिनाअखेरपर्यंत कागदपत्रं द्यायची होती. लग्नाला चारच महिने झालेत, पण वहीची मागची पानं किश्श्यांनी भरलीत!

*

नणंदेच्या लग्नाच्या पत्रिका. आमच्याकडे पत्रिका मानाने जाते, आधी वयाने मोठे. पहिलं घर होळी नावाच्या भागात, दुसरं विरारला, तिसरं पुन्हा होळीत, पहिल्याच्या भिंतीला भिंत लावून! दोन दिवसांत नऊ घरं. मी वाटेप्रमाणे यादी करून दिली. मोठे काका म्हणाले, "सूनबाई, माणसं आहेत ती. कुरिअरची पार्सलं नाहीत."

तिसऱ्या दिवशी निखिल, माझा नवरा, तीच यादी गुपचूप खिशात घालून गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या पत्रिका संपल्या. काका येईल त्याला सांगत होते, "पोराचं डोकं बघा!"

निखिल ताटातली भाजी चिवडत राहिला. त्या दिवशी मी लाटणं इतकं दाबलं की पोळ्या फार पातळ झाल्या.

*

मला पाणीपुरी बाधली. सकाळी उलटी, दुपारी अकरा घरांतून अभिनंदन! बातमी कशी फिरली ते मी कागदावर काढलं. प्रत्येक वाट तुळिंजच्या आत्यांवरून. त्यांना म्हटलं, "आत्या, तुमचं टिंब पुसलं ना, तर सगळं जाळं तुटतं."

"म्हणजे माझ्यावाचून कुणाचं चालत नाही! चांगलं शिकलीस हो." आणि त्याच दमात, "पण आता ते कॉलेज कशाला, बाई?"

आता म्हणजे कधी? पाणीपुरीनंतर?

*

परवानगीचं मात्र तीन आठवडे चाललं. सासूबाई म्हणाल्या, "माझं काय, मोठे काका म्हणतील तसं."

काका म्हणाले, "हे बायकांचं. आत्यांना विचार."

आत्या म्हणाल्या, "नवऱ्याची हरकत नसेल तर माझी कशाला?"

निखिल म्हणाला, "माझी काहीच हरकत नाही गं. फक्त एकदा आईला विचार."

शेवटची तारीख सोमवारची. रविवारी दुपारी चौघंही एकाच टेबलावर जेवत होती, मी वाढत होते.

"मग काय ठरलं सूनबाईचं?" काकांनी विचारलं. सासूबाईंनी काकांकडे पाहिलं, काकांनी आत्यांकडे, आत्यांनी निखिलकडे. निखिलने आईकडे.

मी आमटीचं पातेलं खाली ठेवलं आणि वहीतलं एक पान फाडून मधोमध ठेवलं. चार टिंबं, चार बाण.

"हे काय?"

"हे तुम्ही चौघं."

काकांनी बाणांवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग वर बघून म्हणाले, "यात तू कुठेयस?"

"मी यात नाहीच, काका. मी उद्या सकाळी आठला कागद द्यायला निघतेय. आणि हे विचारत नाहीये."