पाहुण्यासाठी घासलेली भिंत

आमच्या शेजारच्या एर्मिनियाला घाणीचं भारी वावडं. पोर्तो रिकोहून ब्राँक्सला आल्यापासून तिने दिवसभर लोकांची ऑफिसं पुसली आणि घरी येऊन पुन्हा स्वतःचं घर पुसलं. नळ दुरुस्त करणारा येणार असला तरी ती आधी बेसिन घासणार, आणि त्याला कॉफी पाजल्याशिवाय सोडणार नाही. मी चिडवायचे, "अगं, तो नळ बघायला येतोय, तुला बघायला नाही!"

पण यंदा हिवाळाभर तिच्या नातीची, सात वर्षांच्या यादिराची, छाती भात्यासारखी वाजत होती. पोरीच्या पलंगाशेजारच्या भिंतीला ओल, आणि ओलीवर काळी बुरशी. खिडकी उघडावी तर खाली हमरस्त्यावरच्या ट्रकांचा धूर. घरमालकाचा माणूस म्हणाला, "तुम्ही लोकच घाण ठेवता." आम्हा काळ्यांनाही तो हेच ऐकवतो, तेवढ्यापुरता मात्र तो भेदभाव करत नाही. पूल ओलांडून पलीकडे गोऱ्यांच्या वस्तीत मी बरीच वर्षं मुलं सांभाळली. तिथे एखाद्याच दप्तरात दम्याचा पंप दिसायचा. आमच्या मजल्यावर पंप नसलेलं घर शोधावं लागतं.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "पोर त्या भिंतीजवळ झोपत राहिली, तर एक दिवस इथवर पोचायलाही वेळ मिळणार नाही." खूप तक्रारी केल्यावर पालिकेचा तपासनीस गुरुवारी येणार असं ठरलं. त्याने बुरशी नोंदवली की मालकाला भिंत फोडून आतला गळका पाइप बदलावाच लागतो. मी एर्मिनियाला दहादा सांगितलं, "कशालाही हात लावू नकोस."

गुरुवारी सकाळी दार उघडलं, तर जिन्यापर्यंत ब्लीचचा वास. धावत गेले. भिंत पांढरीशुभ्र! यादिरा खिडकीशी वाकून बसलेली, आणि श्वासागणिक तिच्या बरगड्या आत जात होत्या.

"काय करून बसलीस हे, बाई?"

"सरकारी माणूस येतोय, मिस वर्नेल. त्याने मालकाला जाऊन सांगायचं का, तुमचं बरोबर होतं, घाणेरडीच आहेत म्हणून?"

मला तिचा राग आला, आणि हे तिच्या मनात भरवणाऱ्यांचा त्याहून जास्त. तेवढ्यात तपासनीस आला. मी त्याचा हात धरून भिंतीला टेकवला. "ओल लागतेय ना?"

"लागतेय. पण बुरशी दिसली तरच लिहिता येते, बाई." जाताना तो म्हणाला, "इतकं स्वच्छ घर या इमारतीत पाहिलं नाही." एर्मिनियाचा चेहरा क्षणभर उजळला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तो जिना उतरेपर्यंत पोरीचे ओठ निळे पडले. ॲम्ब्युलन्स वेळेत आली, म्हणून वाचली. दवाखान्यात एर्मिनिया एकच घोकत होती, "मीच केलं, मीच केलं."

"ओल तू आणलीस का गं?" मी ओरडलेच तिच्यावर.

आता पुन्हा तक्रार केली आहे. पण दाखवायला बुरशी तर हवी. यादिराला माझ्याकडे झोपवावं, तर माझ्या घरात झुरळांच्या औषधाचा वास. त्यानेही तिला धाप लागते. एर्मिनिया रोज सकाळी त्या भिंतीसमोर उभी राहते. हात शिवशिवतात, म्हणून ते ॲप्रनच्या खिशात कोंबून ठेवते.

"वाढली का?" मी दारातून विचारते.

"वाढली," ती म्हणते, आणि आम्हा दोघींना बरं वाटतं. तेवढ्यात आतून पोर खोकायला लागते.