पंच्याखालचा भाव

गळ्यातला पंचा मांडीवर ओढायला कमळाकरला त्या दिवशी चांगली पाच मिनिटं लागली. दोन महिन्यांपूर्वी झटका आला, उजवं अंग गेलं आणि जीभही गेली. उरला डावा हात, तोही रुसलेल्या जावयासारखा, मनात आलं तरच हलणारा. पंचा सुनेनं, अंकितानं बांधला होता, लाळ पुसायला. तिला बिचारीला काय ठाऊक, असल्याच एका पंच्याखाली एके काळी पनवेलच्या पेठेतल्या भाताचा भाव ठरत असे!

कमळाकर मूळचा शिरढोणचा, धंद्यानं भाताचा दलाल. त्या काळी हातात फोन नव्हते की भिंतीवर आकडे नाचत नव्हते. जे कळायचं ते डोळ्यांनी, दातांनी आणि कातड्यानं. बैलगाडीचं चाक मातीत किती रुतलंय ते पाहून तो माल किती आला ते सांगे. दाणा दाताखाली धरी. कट्कन फुटला तर सुका, नुसता दबला तर ओला. उरणच्या व्यापाऱ्यानं अर्धा चहा तसाच टाकला, की त्याला परतायची घाई आहे हे ओळखून घेई.

आणि मग सौदा. मांडीवर पंचा पसरायचा, त्याखाली समोरच्याचा हात हातात घ्यायचा. वर तोंडानं पावसाच्या नाहीतर सोयरिकीच्या गप्पा, खाली बोटं बोलत. मूठ दाबली की दहा, मग जितकी बोटं धरली तितके वर. पंजा घट्ट धरून अंगठा तळव्यावर रोवला, की सौदा पक्का. मग ब्रह्मदेव आला तरी मोडायचा नाही. शेजारी बसलेल्याला भाव कळत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची!

पण बोटं काय, सगळेच दलाल वाचत. कमळाकरची खरी विद्या निराळी होती. "बोटां खोटां बोलतान," तो म्हणे, "तलवा नाय." ज्याला आजच्या आज विकायचंय त्याचा तळवा ओला होतो, थंड पडतो. असा तळवा हाती लागला की कमळाकर भाव खाली ओढायचा, अगदी निर्दयपणे, आणि घरी जाऊन पोटभर जेवायचा. उगाच कशाला लपवा? तो त्यावरच मोठा झाला.

त्याच्या तोडीचा एकच माणूस, वहाबशेठ. तो सहा वर्षांपूर्वी गेला आणि ती भाषा जाणणारा दुसरा कुणी उरला नाही. कारण कमळाकरनं ती कुणाला शिकवलीच नाही. धनेश, त्याचा एकुलता एक मुलगा, अठराव्या वर्षी मोठ्या हौसेनं मागायला आला होता. "माजा हात हीच माजी पेढी," बापानं त्याला झिडकारलं, "ती मी कोनाला देनार नाय. पोराला शिकवली का पोरगा गावाला शिकवतो." धनेश पुन्हा कधी त्या पंच्याजवळ फिरकला नाही. त्यानं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं.

आणि त्या दिवशी धनेशच्या करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये शिरढोणच्या शेवटच्या अकरा गुंठ्यांची इसारपावती टेबलावर होती. जमीन कमळाकरच्या नावावर, तेव्हा अंगठा त्याचाच हवा. घेणारा होता भगवान नावाचा एजंट. नाव देवाचं, नजर घारीची. गुंठ्याला नऊ लाख म्हणत होता. त्यानं धनेशपुढे फोन धरला. पडद्यावर एक लाल रेघ खाली घसरत होती.

"बघा ना, मार्केट डाऊन आहे. मी देतोय तोच टॉप रेट समजा."

धनेशनं मान हलवली. मग भगवान कमळाकरजवळ आला आणि त्याचा डावा हात हातात घेऊन म्हणाला, "काय काका, ओळखलंत का?"

ओळखलं! पौषातली थंडी, पंखाही लावावा लागत नाही, आणि याचा तळवा ओलाचिंब. याला ही जमीन आजच हवी होती. नऊ कसले, हा बारा देईल!

 कमळाकरनं बोलायचा प्रयत्न केला. "अँ... अँ..." एवढंच आलं. अंकितानं पाणी आणलं. त्यानं पेला ढकलला. तिनं पाय झाकले. तो पुन्हा ओरडला, तर तिनं खिडकी लावली. सगळं समजणारा माणूस आपल्याच घरात गुदमरून मरत होता आणि घर त्याच्यावर पांघरुणं घालत होतं.

तेव्हा त्यानं तो पंचा ओढला. धनेश धावत आला, शेजारी बसला, आणि बापाच्या हातानं त्याचा हात पंच्याखाली खेचला. मूठ दाबली. दोन बोटं धरली. पुन्हा मूठ, पुन्हा दोन बोटं. बारा, बारा, अरे बारा!

धनेशचे डोळे भरून आले. "अंकिता, बघ... बाबांनी हात धरला माझा. जन्मात पहिल्यांदा."

कमळाकरनं डोळे मिटून घेतले. चूक कुणाची ते त्याला कळत होतं. आणि त्याच क्षणी त्याच्या बोटांना दुसरं काही लागलं. धनेशचा तळवा. थंडगार, ओला, रोज बापाचं अंग धुऊन धुऊन चिरलेला. भगवानच्यापेक्षाही ओला.

"बाबा, वाशीच्या उपचारांच्या सेंटरला सोमवारी जागा मिळतेय," धनेश कानाशी लागून म्हणाला. "तिथे तुम्ही बोलायला लागाल. आज पैसे भरले नाहीत तर ती जागा जाईल. दुकान बंद आहे, माझ्याकडे दुसरं काही नाही हो."

आयुष्यभर असल्या तळव्यांना त्यानं पिळलं होतं. आता त्यातलाच एक तळवा त्याच्या पोराचा होता, आणि त्याला घाई होती ती बापासाठी. हात मागे घेतला की सौदा मोडतो, हे कमळाकरला ठाऊक होतं. पण पोराला त्यातलं एवढंच कळलं असतं, की बापानं पुन्हा झिडकारलं.

त्यानं धनेशचा पंजा होता नव्हता तेवढ्या बळानं धरला आणि अंगठा त्याच्या तळव्यावर रोवला. धनेशला त्याचा अर्थ कळला नाही. त्यानं तो अंगठा हळूच उचलला, शाईला लावला आणि कागदावर टेकवला.

भगवाननं कागद उचलण्याआधी दोन्ही तळवे पँटला पुसले. ते एकट्या कमळाकरनं पाहिलं.