सात नंबरचा दोरा

“लई जपून काम करणारा माणूस. इतक्या वर्षांत एकच मशीन गेलं बघा त्यांच्या हातून. तेवढंच.”

दहाव्याच्या दिवशी अंबादासकाकांच्या घरासमोरच्या मांडवात आमचे गोदामप्रमुख सिद्धरामअण्णा शेजारच्या पाहुण्यांना सांगत होते. मी त्यांच्या मागच्या खुर्चीत पाण्याचा ग्लास धरून बसले होते. पाहुणे “चालायचंच की” म्हणाले आणि बोलणं उन्हाकडे वळलं. मी पाणी संपवलं, ग्लास खुर्चीखाली ठेवला, पुन्हा उचलला... ते मशीन काकांच्या हातून गेलं नव्हतं. त्या मांडवात हे फक्त मला माहीत होतं. काकांना स्वतःला माहीत होतं की नाही, ते मला तेव्हा कळलेलं नव्हतं, आणि आज इतक्या आठवड्यांनी लिहायला बसले आहे तरी कळलेलं नाही.

बातमी रविवारी सकाळी गोदामाच्या ग्रुपवर आली. फोटो, नाव, खाली जोडलेल्या हातांची रांग. मला आधी वाटलं, हे दुसरेच कुणी अंबादास असतील. कारण शनिवारी निघताना काका मला म्हणाले होते, “सोमवारी अपडेट आहे, सगळी मशीनं चार्जला लावून जा.” मी लावून आले होते. माणूस झोपेतच गेला, असं अण्णांनी फोनवर सांगितलं. मला मात्र सारखं हेच आठवत होतं, की मशीनं चार्जला आहेत.

ही मशीनं म्हणजे आमच्या टॉवेलच्या गोदामातले हातात धरायचे छोटे कॉम्प्युटर. खोक्यावरचा बारकोड त्याने वाचायचा, की कुठला माल कुठल्या कप्प्यात गेला याची नोंद होते. अशी बारा मशीनं होती आणि ती सगळी काकांच्या ताब्यात. त्यांचं शिक्षण आठवीपर्यंत. आधी ते यंत्रमागावर सांधणी करायचे. मागावरचा ताणा संपत आला, की नव्या ताण्याचं एकेक सूत जुन्याच्या टोकाला गाठून घ्यायचं, हजारो गाठी, बोटांनी. कारखाना बंद पडला आणि ते गोदामात आले. मी दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरची डिग्री घेऊन त्यांच्या हाताखाली लागले. मला सगळे शब्द येत होते, पण त्यांतलं एकही मशीन मी कधी हातात धरलेलं नव्हतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, बोलायची लाज, त्यातून मराठी आकडे अजून अडतात. काकांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव ‘कॉन्व्हेंट’ ठेवलं.

“ए कॉन्व्हेंट, सात नंबर किती टक्के?”

“सेव्हन्टी नाइन.”

“मराठीत.”

मी बोटांवर मोजायला लागले.

“एकोणऐंशी. म्हण.”

“एकोणऐंशी.”

“आता ऐंशी झालं बघ, तू म्हणेपर्यंत.”

अपडेट म्हणजे काय हे मी त्यांना समजावून सांगणार होते, पण समजावून दिलं त्यांनीच. आमच्याकडची तीन मशीनं नवी. त्यांच्यात ऑपरेटिंग सिस्टिम ठेवायला दोन जागा असतात. जुनी सिस्टिम एका जागी चालू राहते, नवी दुसऱ्या जागी लिहिली जाते, आणि मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होताना नव्या जागेवरून सुरू होतं. नवी नीट निघाली नाही, तर जुनी शाबूत असते. काकांना हे फार आवडायचं. “जुना ताणा न सोडता नवा जोडलाय,” म्हणायचे. उरलेल्या नऊ मशीनांत मात्र जागा एकच. जुनी सिस्टिम पुसायची आणि तिथंच नवी लिहायची. मधली दहा-पंधरा मिनिटं मशीनजवळ धड जुनीही नसते, धड नवीही नसते. तेवढ्यात बॅटरी संपली किंवा कुणी मशीन बंद केलं, तर सुरू व्हायचं कसं हेच ते विसरतं. “सूत तुटलं तर जोडता येतं,” काका म्हणायचे, “ह्याची टोकंच सापडत न्हाईत.”

म्हणून त्यांचा एक रिवाज होता. जे मशीन अपडेटला लावलं असेल, त्याच्या मुठीला ते पांढऱ्या सुताचा दोरा बांधायचे. दोरा आहे तोवर हात लावायचा नाही. हमाल, पॅकिंगच्या बायका, मालकसुद्धा हे पाळायचे. मशीन नीट सुरू झालं, की काका गाठ सोडून तोच दोरा पुढच्या मशीनला बांधायचे. त्यांची गाठ बारीक, सपाट, बोट फिरवलं तरी लागायची नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी ते जेवायला गेले होते. सात नंबर, त्या नऊ जुन्यांतलंच, स्टँडवर, दोरा बांधलेला. बाहेर कंटेनर लागला होता आणि अण्णा हाका मारत होते, “मॅडम, एक मशीन द्या की! लौकर!” बाकीची सगळी बाहेर गेलेली. सात नंबरची स्क्रीन काळी होती. मला वाटलं, काम झालंय, नुसतं अडकलंय. कॉलेजात असंच शिकवलं होतं, अडकलं की बटन दाबून धरायचं. मी दोरा सोडला आणि बटन दाबून धरलं. मशीन सुरू झालं, कंपनीचं नाव आलं आणि तिथंच थांबलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तेवढ्यात बाहेरचं एक मशीन मोकळं झालं आणि अण्णांच्या हाका थांबल्या. मी सात नंबर स्टँडवर जसं होतं तसं ठेवलं, दोरा परत बांधला आणि कप्प्यांच्या मागं जाऊन खोकी मोजत उभी राहिले.

काका आले. मशीनकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाले, “कॉन्व्हेंट, जेवलीस का?” मी हो म्हणाले, जेवले नसताना. संध्याकाळी त्यांनी मालकांना सांगितलं, “माझ्या हातून गेलं. चार्ज बघायचा राहिला असेल.” कंपनीनं ती मशीनं बनवणंच बंद केलं होतं, परत सिस्टिम भरून देणारं कुणी उरलं नव्हतं. मालक म्हणाले, “तुमच्या हातून? कमाल हाय.” काका हसले नाहीत.

उद्या सांगू, असं मी रोज ठरवत होते... आणि काका रोज थोडे वेगळे वागत होते. चार्ज तीन-तीनदा बघायचे. मला बोलावून म्हणायचे, “तू पण बघ एकदा, माझा भरवसा नको.” हे ते मला शिकवत होते, की त्यांना खरंच स्वतःवर शंका आली होती? मागच्या दिवाळीत त्यांनी डोळे तपासून घेतले. मोतीबिंदू सुरू झालाय म्हणाले. त्यांना मी मारलेली गाठ नीट दिसलीच नसेल, असं मी त्या दिवशी घरी जाताना स्वतःला सांगितलं, आणि मला बरं वाटलं. बरं का वाटलं, याचीही नंतर लाज वाटली.

दहाव्याला काकूंनी मला आत बोलावून जेवायला वाढलं. वाढता वाढता म्हणाल्या, “त्या मशीनचं लई लागलं होतं गं त्यांना. घरी येऊन म्हणाले, आज एक मेलं माझ्या हातून. दोन दिवस नीट जेवले नाहीत.” म्हणजे घरीसुद्धा त्यांनी तेच सांगितलं होतं. बायकोलाही माणूस असं सांगेल का, खरं वाटत नसताना? ताटातला भात मी कसा संपवला, आठवत नाही.

गेल्या सोमवारी काकू त्यांच्या वस्तू न्यायला गोदामात आल्या. डबा, चष्म्याचं घर, एक छोटी कात्री. अण्णांनी टेबलाचा खण उघडून दिला. तळाशी टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळलेलं सात नंबर होतं. काकांनी ते भंगारात दिलं नव्हतं, आणि त्याच्या मुठीला पांढरा दोरा तसाच होता. एकच दोरा वर्षानुवर्षं वापरणाऱ्या माणसानं हा दोरा तेवढा मशीन गेल्यावरही सोडला नव्हता.

“हेच ते,” अण्णा हळू आवाजात म्हणाले. “एवढं एकच गेलं बघा त्यांच्या हातून.”

काकूंनी मशीन मांडीवर घेतलं. त्यांचंही माहेर विणकराचं, लग्नाआधी त्या घरच्या मागावर बसायच्या. त्यांनी दोऱ्यावरून अंगठा फिरवला, थांबल्या, परत फिरवला. गाठ जाड होती, बुटाच्या नाडीला मारतात तशी, दोन वेळा मारलेली.

“ही गाठ त्यांची नाही,” काकू म्हणाल्या. “कुणी बांधली ही?”

अण्णांनी खांदे उडवले. मी स्टँडजवळ उभी होते. समोर अकरा मशीनं चार्जला होती, आणि एकाचीही स्क्रीन मला वाचता येत नव्हती.

“मी,” मी म्हणाले. “काकू, ते मशीन माझ्या हातून गेलं.”